पान आठवतं, मग फॉर्म्युला का आठवत नाही?

पेपर संपल्यावर परीक्षा हॉलच्या बाहेर पाच मिनिटं उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "अरे, पान डोळ्यांसमोर होतं रे! डावीकडचं पान, खाली, आकृतीच्या शेजारी. पण फॉर्म्युला काही आठवेना." याचा उत्तरार्ध तर त्याहून हमखास. रूमवर येऊन आपल्या टेबलाशी बसायचा अवकाश, की फॉर्म्युला झटकन आठवतो. तेव्हा त्याचा उपयोग एवढाच, की कपाळावर हात मारून घेता येतो.

मित्रांनो, अशा वेळी आपण दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. एक म्हणजे "आपलं नशीबच फुटकं", आणि दुसरा म्हणजे "आपलं डोकंच चालत नाही". पहिला निरुपद्रवी आहे, दुसरा मात्र घातक. माझ्या एका रूम पार्टनरने हा दुसरा निष्कर्ष काढला होता. लॅप्लास ट्रान्सफॉर्मची गणितं तो रूमवर, आपल्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून धडाधड सोडवायचा. हॉलमध्ये मात्र पहिल्या स्टेपलाच अडकायचा. एम-थ्रीची केटी दुसऱ्यांदा राहिली तेव्हा "इंजिनिअरिंग आपल्याला झेपणारं नाही" म्हणत तो बॅग भरायची भाषा करू लागला. त्याच्या निमित्ताने मी मानसशास्त्राची पुस्तकं चाळायला घेतली. पुढे त्याचा विषय सुटला. अर्थात एका माणसाच्या निकालावरून काहीच सिद्ध होत नाही, हे आपण इंजिनिअर मंडळींना वेगळं सांगायला नको. म्हणून ती गोष्ट तिथेच सोडतो आणि त्या वाचनात जे सापडलं, ते सांगतो.

जुन्या पेटीची गोष्ट

शिकलेली गोष्ट जागेला चिकटून बसते, हे माणसाच्या फार पूर्वी लक्षात आलेलं आहे. जॉन लॉक हा इंग्लंडचा मोठा तत्त्वज्ञ. माणसाच्या आकलनशक्तीवरच्या त्याच्या प्रसिद्ध ग्रंथाची चौथी आवृत्ती १७०० साली निघाली. तीत त्याने एक ऐकलेली गोष्ट दिली आहे. एक तरुण नाच शिकला आणि त्यात चांगला तयारही झाला. पण तो ज्या खोलीत शिकला, तिथे एक जुनी पेटी पडलेली असायची. झालं असं, की पेटी असेल तरच त्याचे पाय नीट पडत. दुसऱ्या खोलीत नाचायचं तर तिथेही ती किंवा तशीच एखादी पेटी ठेवावी लागे!

पेटीचा नाचाशी काय संबंध? काहीच नाही. पण शिकताना ती रोज डोळ्यांसमोर होती. त्यामुळे शिकलेल्या गोष्टीबरोबर तीही डोक्यात जाऊन बसली. आपल्या टेबलावरचा लॅम्प, समोरच्या भिंतीवरचं पोस्टर, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी या सगळ्या आपापल्या 'पेट्या'च आहेत.

पाण्याखालचा अभ्यास

लॉकची गोष्ट ऐकीव आहे. मोजमाप नसेल तर आपलं समाधान होत नाही. ते मोजमाप १९७५ साली डंकन गॉडन आणि अ‍ॅलन बॅडली या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी केलं. त्यामागे एक गंमतीदार अडचण होती. बॅडलींच्या ओळखीचा एक माणूस पाणबुड्यांकडून माशांचं निरीक्षण करून घेत असे. मासे जाळ्याजवळ आल्यावर कसे वागतात, हे पाणबुडे खाली जाऊन बघत. पण वर येऊन सांगायची वेळ आली की पाहिलेलं बरंचसं विसरून जात. शेवटी त्यांना पाण्याखालीच बोलून ठेवता येईल असं रेकॉर्डिंगचं यंत्र द्यावं लागलं.

गॉडन आणि बॅडली यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर १६ पाणबुड्यांवर प्रयोग केला. त्यांना एकमेकांशी संबंध नसलेल्या ३६ शब्दांच्या याद्या ऐकवल्या, कधी किनाऱ्यावर, तर कधी सुमारे २० फूट पाण्याखाली. नंतर आठवतील तेवढे शब्द लिहायला सांगितले, तेही कधी किनाऱ्यावर, कधी पाण्याखाली. म्हणजे एकूण चार जोड्या झाल्या. सरासरी आठवलेले शब्द असे:

किनाऱ्यावर पाठ, किनाऱ्यावर आठवले – १३.५
किनाऱ्यावर पाठ, पाण्याखाली आठवले – ८.६
पाण्याखाली पाठ, पाण्याखाली आठवले – ११.४
पाण्याखाली पाठ, किनाऱ्यावर आठवले – ८.४

तिसरी आणि चौथी ओळ पुन्हा एकदा बघा. पाण्याखाली शिकलेल्या गोष्टी कोरड्या, सुखाच्या किनाऱ्यावर जास्त आठवायला हव्यात असं आपल्याला वाटेल. पण तसं झालं नाही. पाण्याखाली शिकलेलं पाण्याखालीच जास्त आठवलं.

इथे एखादा चिकित्सक म्हणेल, "पाण्यात उतरायच्या आणि वर यायच्या धावपळीतच शब्द विसरले असतील." ही शंका त्या दोघांनाही आली होती. म्हणून त्यांनी दुसरा प्रयोग केला. काही जणांनी किनाऱ्यावर शब्द ऐकले, मध्ये पाण्यात बुडी मारली आणि परत किनाऱ्यावर येऊन शब्द आठवले. धावपळ तीच, पण शिकण्याची आणि आठवण्याची जागा एकच. या वेळी नुसत्या बुडीमुळे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे फरक जागा बदलल्याचा होता.

असं का होतं?

कॉम्प्युटरच्या मेमरीत प्रत्येक गोष्टीला पत्ता असतो. पत्ता दिला की माहिती बाहेर. आपल्या डोक्यात असे पत्ते नाहीत. आपली आठवण धाग्यांवर चालते. एक धागा हाती आला की तो ओढत ओढत आपण पुढच्या गोष्टीपर्यंत जातो. एन्डेल टुल्व्हिंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी १९७३ साली हे नेमक्या शब्दांत मांडलं. त्यांच्या म्हणण्याचं सार असं, की आठवताना हाती असलेली खूण शिकण्याच्या वेळी त्या गोष्टीबरोबर मनात नोंदली गेली असेल, तरच ती उपयोगी पडते.

शिकताना मात्र आपण निवड करून नोंद करत नाही. बर्नोलीचं समीकरण वाचताना डोळ्यांना पुस्तकाबरोबर पंखा, पार्टनरची लुंगी आणि चहाचा कपही दिसत असतो. हे सगळं थोडंथोडं त्या समीकरणाला चिकटतं. रूमवर बसल्यावर हे सगळे धागे आयते समोर असतात, त्यामुळे समीकरण पटकन वर येतं. हॉलमध्ये समोर असतो फळा, पाठमोरी रांग आणि येरझाऱ्या घालणारे सुपरव्हायझर. यातल्या एकाही गोष्टीला बर्नोली माहीत नाही!

मेसमध्ये रोज पोळ्या वाढणारे काका एखाद दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून एसटी स्टँडवर भेटतात. चेहरा तर ओळखीचा आहे, पण कोण ते कळत नाही. मेसमध्ये हा प्रश्न कधी पडत नाही, कारण तिथे ताट, वाफ आणि रांग हेच त्यांची ओळख करून देत असतात. फॉर्म्युल्याचंही असंच आहे.

आता पानाकडे वळू. पान आठवतं हा काही भ्रम नव्हे. अर्न्स्ट रॉथकॉफ या संशोधकाने १९७१ साली लोकांना अनेक पानांचा मजकूर वाचायला दिला आणि नंतर मजकुराबरोबरच 'ही माहिती पानावर कुठे होती' हेही विचारलं. वाचताना ते लक्षात ठेवायला कोणी सांगितलेलं नव्हतं. तरीही लोकांची उत्तरं नुसत्या अंदाजापेक्षा बरीच बरोबर आली. म्हणजे पानावरची जागा न सांगता मनात नोंदली जाते. पण जागा आठवणं म्हणजे मजकूर आठवणं नव्हे. पाकीट सापडलं, आतली चिठ्ठी मात्र राहिली, असा तो प्रकार आहे.

यातच आपली मोठी फसगत होते. पीएलमध्ये आपण तीच वही, तेच पान, त्याच जागी बसून पाचव्यांदा वाचतो. पान ओळखीचं वाटतं आणि आपण "झालं हे" म्हणून पुढे जातो. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. गॉडन आणि बॅडली यांनी १९८० साली पाणबुड्यांना शब्द आठवायला न सांगता, दाखवलेल्यांपैकी आधीचे कोणते ते नुसते ओळखायला सांगितले. तेव्हा जागेचा फरक दिसला नाही. कारण ओळखताना खुद्द शब्दच समोर असतो, दुसऱ्या धाग्याची गरज लागत नाही. थिअरीच्या पेपरात उत्तर समोर नसतं. तिथे कोरं पान आणि आपण!

खोली बदलून बघितली तर?

एकाच खोलीचा आधार घेतल्यावर हे होत असेल, तर दोन खोल्यांत अभ्यास केल्यावर काय होईल? स्टीव्हन स्मिथ, आर्थर ग्लेनबर्ग आणि रॉबर्ट बियॉर्क यांनी १९७८ साली हे करून पाहिलं. विद्यार्थ्यांना ४० शब्दांची यादी काही तासांच्या अंतराने दोनदा अभ्यासाला दिली. एका गटाने दोन्ही वेळा एकाच खोलीत अभ्यास केला, तर दुसऱ्याने दोन वेगळ्या खोल्यांत. परीक्षा मात्र सगळ्यांची तिसऱ्याच खोलीत घेतली. एका खोलीतल्या गटाला सुमारे १६ शब्द आठवले, दोन खोल्यांतल्या गटाला सुमारे २४. वेळ तेवढाच, यादी तीच. फक्त दुसऱ्या गटाच्या शब्दांना धागे जास्त फुटले होते.

पुढच्याच वर्षी, १९७९ साली, स्मिथने केलेला प्रयोग आपल्याला जास्तच उपयोगी आहे. विद्यार्थ्यांनी एका खोलीत शब्द पाठ केले. त्याच खोलीत आठवणाऱ्यांना साधारण १८ शब्द आठवले, नव्या खोलीत आठवणाऱ्यांना साधारण १२. तिसऱ्या गटालाही नव्या खोलीत बसवलं, पण शब्द लिहिण्याआधी पहिली खोली डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. या गटाला साधारण १७ शब्द आठवले, म्हणजे जवळजवळ पहिल्या गटाएवढे! खोली प्रत्यक्ष समोर असायला हवी असं नाही, मनात उभी केली तरी बरंचसं काम होतं. गुन्ह्याच्या साक्षीदारांकडून माहिती घेताना, त्यांना ती जागा आणि तो प्रसंग आधी मनात उभा करायला सांगण्याची पद्धत एडवर्ड गायसलमन आणि रोनाल्ड फिशर यांनी १९८०च्या दशकात आखली, तीही याच तत्त्वावर.

नाण्याची दुसरी बाजू

एवढं वाचून कोणी "परीक्षा माझ्या रूमवरच घ्या" असा अर्ज प्रिन्सिपॉल सरांकडे नेणार असेल, तर जरा थांबा. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात खऱ्याखुऱ्या परीक्षांवर अभ्यास झाला. काही विद्यार्थ्यांना लेक्चर व्हायच्या त्याच वर्गात बसवलं, काहींना दुसऱ्या खोलीत. अशा २१ तुलना केल्या आणि खोलीमुळे मार्कांत फरक पडल्याचं दिसलं नाही. पाणबुड्यांचा प्रसिद्ध प्रयोगही २०२१ साली नेदरलँड्समधल्या याप मुरे यांच्या गटाने पुन्हा करून पाहिला, तेव्हा त्यांना तो फरक सापडला नाही. अनेक प्रयोग एकत्र तपासून स्मिथ आणि एडुआर्डो व्हेला यांनी २००१ साली काढलेला निष्कर्ष असा, की जागेचा परिणाम आहे, पण तो लहान आहे आणि काही परिस्थितींत दिसेनासाच होतो.

दिसेनासा का होतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. स्मिथने त्यासाठी चांदण्याची उपमा दिली. अमावास्येला बारीक चांदण्याही दिसतात, पौर्णिमेला चंद्राच्या उजेडात त्या लपतात. चांदण्या तेव्हाही असतात, पण त्यांची गरज उरत नाही. जागेच्या खुणा म्हणजे या बारीक चांदण्या. विषय नीट समजलेला असेल, एक स्टेप दुसरीकडे का जाते हे माहीत असेल, तर प्रश्नच चंद्रासारखा उजेड देतो. अशा वेळी खोली कोणती का असेना!

आता या प्रयोगांतल्या शब्दांच्या याद्या आठवा. सुटे, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द. त्यांना धरून ठेवायला एकमेकांचा आधार नव्हता, म्हणून ते जागेला चिकटले. आपण रट्टा मारतो तेव्हा विषयाची अशीच यादी करून टाकतो. 'ऑयलर'चा फॉर्म्युला, त्याखाली चार गृहीतकं, त्याखाली एक आकृती, सगळं सुटं सुटं. मग त्यांना भिंतीचा आणि पोस्टरचा आधार घ्यावा लागतो. तोच फॉर्म्युला कॉलम वाकतो कसा तिथपासून एकदा काढून बघितला, तर त्याला विषयाच्या आतलाच आधार मिळतो. थोडक्यात, रूमवर आठवतं आणि हॉलमध्ये आठवत नाही याचा अर्थ 'डोकं नाही' असा होत नाही. गोष्ट डोक्यात आहे, पण ती चुकीच्या खुंटीला टांगलेली आहे.

मग करायचं काय?

१) जागा बदला. पहिलं वाचन रूमवर, दुसरं रीडिंग रूममध्ये, तिसरं गच्चीवर किंवा रिकाम्या वर्गात. पण दर दहा मिनिटांनी जागा बदलत फिरू नका, तो अभ्यास नव्हे, सहल होईल.

२) वही बंद करून लिहा. कोऱ्या कागदावर, पान न बघता. अडलं की आधी दोन मिनिटं झगडा, मगच उघडून बघा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिक यांनी २००६ साली दाखवून दिलं, की पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवण्याचा सराव केला, तर काही दिवसांनंतर जास्त लक्षात राहतं. सगळ्या उपायांत हाच पहिल्या नंबरचा.

३) पानाची सवय मोडा. तीच डेरिव्हेशन दुसऱ्या पुस्तकातून वाचा, आकृती उलट बाजूने काढा, अक्षरं बदला. आकृती आरशातल्यासारखी उलटी काढल्यावर फॉर्म्युला सुचेनासा झाला, तर समजा की आपल्याला चित्र पाठ होतं, विषय नव्हे.

४) एकदा तरी हॉलसारखं बसा. रिकाम्या वर्गात, बाकावर, घड्याळ लावून, गाण्यांशिवाय. १९९८ साली हॅरी ग्रँट आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात काहींनी शांततेत वाचलं, काहींनी कँटीनच्या गोंगाटाचं रेकॉर्डिंग ऐकत. वाचताना आणि परीक्षेत आवाजाची स्थिती सारखी असणाऱ्यांना जास्त आठवलं. आपली परीक्षा शांततेतच असते, त्यामुळे हेडफोनवाल्या मित्रांनी विचार करावा.

५) व्हायवासाठी तोंडाने बोला. पार्टनरला एक्स्टर्नल करून समोर बसवा आणि सेटअप न बघता समजावून सांगा. लॅबमध्ये यंत्राकडे बोट दाखवून "हे इथून तिकडे जातं" म्हणणं सोपं असतं. टेबलापलीकडे बसलेले सर यंत्र नव्हेत, माणूस विचारत असतात.

६) हॉलमध्ये अडलात तर घाबरू नका. पेन खाली ठेवा, डोळे मिटा आणि तो भाग शिकलात ती जागा मनात उभी करा. खिडकी कुठे होती, बाजूला कोण होतं, वर्गात शिकला असाल तर सरांनी फळ्याच्या कोणत्या कोपऱ्यात काय काढलं होतं. पान आठवत असेल तर त्यावर चिडू नका, त्यालाच विचारा. वर काय होतं? खाली काय होतं? या स्टेपच्या आधीची स्टेप कोणती? मिनिटभरात नाहीच सुचलं तर जागा सोडून पुढचा प्रश्न घ्या. पुढच्या प्रश्नातला एखादा शब्दच कधी कधी धागा देऊन जातो.

७) आणि कृपा करून या सगळ्याची अंधश्रद्धा करू नका. लकी शर्ट, लकी पेन, तोच बाक या नव्या पेट्याच आहेत. त्या जमवण्यापेक्षा पेटीशिवाय नाचायला शिकणं बरं.

स्वतः करून बघा

यातलं काही मी सांगतो म्हणून मानू नका. हॉस्टेलच्या एका विंगमध्ये रविवारी सकाळी हा प्रयोग होऊ शकतो. दहा-बारा मुलं घ्या. एकमेकांशी संबंध नसलेले तीस शब्द चिठ्ठ्यांवर लिहा. सगळ्यांना रूममध्ये ते दोनदा वाचून दाखवा. मग निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्यांना मेसमध्ये बसवा, निम्मी तिथेच राहू देत. तिथे राहणाऱ्यांनीही मेसपर्यंत एक फेरी मारून यावं, म्हणजे चालण्याचा फरक राहणार नाही. वीस मिनिटांनी सगळ्यांनी शब्द लिहायचे. पुढच्या रविवारी नवी यादी घ्या आणि गट उलटे करा. दोन्ही सरासऱ्या ताडून बघा. फरक आला तर उत्तम, नाही आला तरी उत्तम. दहा-बारा जणांवरून फरक 'आहे' किंवा 'नाही' म्हणायला किती धाडस लागतं, हे कळेल आणि स्टॅटिस्टिक्सचं एक युनिट फुकटात पक्कं होईल.

शेवटी स्टाफमधल्या सर आणि मॅडमना एक विनंती. व्हायवात एखादा मुलगा गप्प उभा राहिला, तर "काही येत नाही" असा शेरा मारण्याआधी त्याला एक धागा देऊन बघा. "हे तू कुठल्या प्रॅक्टिकलमध्ये केलंस? तेव्हा रीडिंग कशाचं घेतलंस?" एवढं विचारलं तरी पुष्कळदा पुढचं सगळं बाहेर येतं. नाही आलं, तर मार्क कापायला तुम्ही मोकळे आहातच.

आणि मित्रांनो, आज रात्री अभ्यासाला बसाल तेव्हा एकच करा. एक टॉपिक संपला की वही मिटा, कोरा कागद घ्या आणि पाठ फिरवून बसा. जे कागदावर उतरेल, ते तुमचं. बाकीचं अजून भिंतीचं आहे. ते आपल्याकडे आणायला पीएल पुरेशी आहे. येत्या परीक्षेसाठी सर्वांना मनापासून शुभेच्छा!